उंबऱ्यावरचं नाक

फार पूर्वी, राजे सगळ्याचा वास स्वतःच्या नाकाने घेतात असं लोक मानत होते तेव्हा, खाडीकाठच्या एका नगरात एक म्हातारा अत्तरवाला राहत होता. सगळं नगर त्याला तात्या म्हणे.

तात्यांच्या दुकानात एक अजब रीत होती. नवं अत्तर तयार झालं की ते दरवाजा सताड उघडत, उंबऱ्यावर पाट मांडत आणि पाटावर कुपी उघडी ठेवून वाट बघत बसत. ही वाट राजवैद्याची नसे, नगरशेठचीही नसे. ती असे बाजारात मासळी विकून घरी परतणाऱ्या एका कोळणीची.

कोळीण दुपारी यायची. डोक्यावरची टोपली रिकामी असायची, पण टोपलीचा वास काही रिकामा झालेला नसायचा. ती उंबऱ्याबाहेर थांबायची आणि नाक वर करून एक श्वास घ्यायची. अत्तर आवडलं तर टोपली धपकन पायरीवर ठेवून म्हणायची, "हं." नाही आवडलं तर टोपली खाली न ठेवताच चालू पडायची, आणि जाता जाता जे काही म्हणायची त्याने अत्तरवाल्याची भूक मरावी. मग ते अत्तर परत आत जायचं. या कामाबद्दल तिला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळायचं. तात्यांनी एकदा अत्तराची कुपीही देऊ केली होती.

"नको हो तात्या," कोळीण म्हणाली. "अत्तर लावून बाजारात बसले तर गिऱ्हाईक म्हणेल, मासळी शिळी आहे म्हणून लावलंय."

लोक तात्यांना विचारत, "अहो, नगरात एवढी जाणती माणसं असताना हीच का?"

"दिवसभर अत्तरात बसणाऱ्याच्या नाकाला अत्तर कळेनासं होतं," तात्या सांगत. "ती मासळीतून येते. तिच्या नाकाला अत्तर रोज नवं असतं."

लोक मान डोलवत, आणि कोपऱ्यावर वळले की हसत.

एका संध्याकाळी देवळाबाहेर गजरे विकणारी एक फुलारीण तात्यांच्या दुकानात आली. वय चाळिशीचं, बोटं दोऱ्याने कापलेली, ओटीत न विकलेले सुकलेले गजरे. ते तिने तात्यांपुढे ओतले.

"तात्या, दहा वर्षांची होते तेव्हापासून गजरे ओवते आहे. माझ्या हातचं एकही फूल दुसरी सकाळ बघत नाही. मला काहीतरी टिकणारं शिकवा."

"टिकणारं म्हणजे किती?"

"निदान सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"मागणी मोठी आहे," तात्या म्हणाले. "राजवाड्यातली वचनंसुद्धा तेवढी टिकत नाहीत. पण ये उद्यापासून."

पहिले तीन महिने तिने कुप्या धुतल्या. कुप्या धुणं हेच शिक्षण आहे, असं तात्या म्हणाले. असं सगळेच गुरू म्हणतात, पण इथे ते खरं होतं. प्रत्येक कुपीच्या तळाशी जुन्या अत्तराचं जे काही उरलेलं असे, ते हुंगून तिला नाव सांगावं लागे. चुकलं की आणखी दहा कुप्या.

मग ती डेगीपाशी बसली. तांब्याच्या मोठ्या डेगीत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, खाली मंद जाळ ठेवायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जायची. तिथे चंदनाचं तेल तिची वाट बघत असायचं. वाफेचं पाणी व्हायचं, आणि वाफेतला सुगंध चंदन आपल्यापाशी ठेवून घ्यायचं. चंदन नसेल तर सगळी मेहनत पाण्याबरोबर वाहून जायची.

शेवटी ती अर्क मिसळायला शिकली. ही खरी विद्या.

"दवणा धावतो," तात्या सांगत. "आधी तोच भेटतो आणि आधी तोच जातो. मोगरा चालत येतो. वाळा एका जागी बसून राहतो. आणि केवडा म्हणजे तुतारीवाला. वरातीत एक पुरतो. दोन आणलेस तर नवरदेव पळून जाईल."

"आणि चंदन?"

"चंदन म्हणजे घर. सगळे त्याच्याकडे उतरतात."

तात्यांचा एक नियम मात्र तिला पटला नाही. चार थेंब टाकले की उठायचं, खाडीपर्यंत चालत जायचं, वारा खाऊन परत यायचं आणि मगच पाचवा थेंब टाकायचा.

"चार थेंबांमागे एक खाडी?" ती म्हणाली. "मग अत्तर व्हायचं कधी?"

"व्हायचं तेव्हा."

फुलारीण हुशार होती, आणि हुशार माणसाला आपण हुशार आहोत हे कळायला वेळ लागत नाही. दोन वर्षांत तिच्या हाताला अशी गोडी आली की गिऱ्हाइकं तात्यांना सोडून तिला विचारू लागली. फक्त कोळणीपुढे कुपी ठेवताना तिच्या कपाळाला आठी पडे.

"मावशी, जरा लांबून," ती म्हणायची.

"लांबूनच वास कळतो गो बाय," कोळीण म्हणायची. "जवळून नुसतं कौतुक कळतं."

असं चाललं असताना परीक्षेचं वर्ष आलं. राजाच्या जंगलातलं चंदन कापायचा परवाना नगरात एकाच दुकानाला मिळत असे, आणि दर बारा वर्षांनी दरबारात सगळ्या अत्तरवाल्यांची अत्तरं तपासून तो नव्याने दिला जाई. मागच्या दोन्ही वेळी तो तात्यांना मिळाला होता.

परीक्षेला सहा दिवस असताना एका सकाळी तात्यांनी एक कुपी नाकाशी धरली. ती बराच वेळ धरून ठेवली.

"यात काय आहे गं?"

"तात्या, केवडा आहे."

तात्यांनी कुपी खाली ठेवली. शेजारच्या गल्लीतही ओळखू यावा असा तो केवडा होता.

"म्हणजे गेलं," ते म्हणाले. "चार महिने शंका होती. नाक गेलं. डोळे अर्धे गेले. कान तेवढे शाबूत आहेत, ते देवाने कशासाठी ठेवलेत कोण जाणे." मग ते तिच्याकडे वळले. "परीक्षेचं अत्तर तू करायचंस. उतरलीस तर हे दुकान तुझं. नाही उतरलीस तर चंदन पलीकडच्या पेठेतल्या अत्तरवाल्याकडे जाईल, चंदनामागून डेगही जाईल, आणि तुला परत गजरे ओवावे लागतील. मावशीचं 'हं' आल्याशिवाय मात्र कुपी राजवाड्यात न्यायची नाही."

फुलारणीने पदर खोचला. मोगरा, थोडा दवणा, वाळा, केवड्याचा जेमतेम एक थेंब, खाली चंदन. पहिल्या दिवशी ती नियमाने वागली. दर चार थेंबांनंतर खाडीवर गेली. संध्याकाळी जे झालं ते तिला बरं वाटलं. त्यातलं बोटभर तिने एका लहान कुपीत काढून फळीवर ठेवलं आणि बाकीचं मोठ्या बुधल्यात राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पेठेतला एक माणूस दुकानासमोरून तीनदा गेला. तिन्ही वेळा त्याचं नाक वर होतं. फुलारणीच्या मनात आलं, हा माझं अत्तर वासावरून चोरणार. तिने दरवाजा लावला, खिडक्या लावल्या, फटीत चिंध्या कोंबल्या, आणि खाडीवर जाणं बंद केलं.

त्या बंद खोलीत ती तीन दिवस बसली. बुधल्याला नाक लावलं तर तिला काल होता तेवढा वास येईना. तिने मोगरा वाढवला. दुपारी वाळा हरवल्यासारखा वाटला, म्हणून वाळा वाढवला. तिसऱ्या दिवशी कशाचाच वास येईना. अत्तर फिकं पडतंय या भीतीने तिने केवड्याचे चार थेंब टाकले. मग आणखी सहा. चौथ्या दिवशी कुठे तिला हवा तसा मंद दरवळ आला. तिने दरवाजा उघडला, पाट मांडला आणि मोठ्या ऐटीत बुधला त्यावर ठेवला.

कोळीण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पदर नाकाला लावून चार पावलं पुढे आली.

"अगो बाय! कोण वारलं इथं?"

"काय म्हणालात?"

"एवढी फुलं माणूस गेल्याशिवाय कोण आणतं? आणि त्यावर केवडा! मेलेला उठून बसेल."

फुलारणीचा चेहरा लाल झाला. "तुमच्या टोपलीवरून मांजर हलत नाही, मावशी. तीस वर्षं मी फुलांत आहे. मला कळतं."

"मी तरी कुठं फुलांत आहे म्हणते?" कोळीण म्हणाली. "म्हणून तर मला वास येतोय." आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती निघून गेली.

आतून तात्यांनी विचारलं, "मावशी काय म्हणाली गं?"

फुलारणीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "'हं' म्हणाली."

"बरं," तात्या म्हणाले.

खोटं बोलल्यावर माणसाला आंघोळ करावीशी वाटते. फुलारीण खाडीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, वाऱ्यात केस वाळवले आणि बऱ्याच वेळाने परत निघाली. गल्ली अजून चाळीस पावलं लांब होती तेव्हा तिला कसलातरी वास आला. आणखी दहा पावलांवर तिचं कपाळ दुखू लागलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाबाहेर बसून शिंकत होता.

"बाई," तो शिंकांच्या मधे म्हणाला, "तुमच्याकडे लग्न आहे की दहावं? काय असेल ते लवकर उरका."

ती दारापर्यंत पोचली. वास तिच्याच बुधल्यातून येत होता. तो मंद नव्हता. कधीच नव्हता. फक्त तिच्या नाकाने तो मोजणं तीन दिवसांपूर्वी सोडलं होतं.

ती आत गेली आणि तात्यांसमोर बसली.

"तात्या, मावशी 'हं' म्हणाली नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"'हं' म्हणताना ती टोपली पायरीवर ठेवते. आज टोपली ठेवल्याचा आवाज आला नाही." तात्यांनी आपला कान चोळला. "देवाने कशासाठी ठेवलेत ते आज कळलं."

फुलारणीने मान खाली घातली. दोन दिवसांनी दरबार होता. मोगऱ्याचा अर्क संपला होता, आणि बुधल्यात पडलेला केवडा परत काढता येत नव्हता. मग तिची नजर फळीवरच्या लहान कुपीवर गेली. पहिल्या दिवशी काढलेलं बोटभर अत्तर. ते चांगलं की वाईट हे ती आता सांगू शकत नव्हती, आणि तात्याही सांगू शकत नव्हते. नगरात सांगू शकणारं एकच नाक होतं, आणि त्या नाकाला तिने मांजराची गोष्ट ऐकवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मासळीबाजारात गेली. कोळीण कोयतीवर मासा कापत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, मी चुकले."

"मांजर तिकडं बसलंय, त्याची पण माफी माग."

फुलारणीने मांजराकडे बघून हात जोडले. कोळणीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"कुपी आणली आहे," फुलारीण म्हणाली. "एकदा बघाल?"

"असं एकदा बघून काय कळतं? टिकणारं हवंय ना तुला? मग हातावर लाव आणि इथं बस. संध्याकाळी सांगते."

"इथं? दिवसभर?"

"मग कुठं, देवळात?"

फुलारणीने अत्तराचा एक थेंब मनगटावर लावला आणि बसली. डाव्या हाताला सुरमई, उजव्या हाताला सुक्या बोंबलांचा ढीग. पहिल्या तासात तिला अत्तर कळलं. दुसऱ्या तासात फक्त बोंबील कळले. दुपारी कोळणीने तिच्या हातात गार पाण्याचं भांडं दिलं आणि मासळीवर शिंपडायला लावलं. गजरे विकणारा तिचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे दुपारनंतर सुरमई लवकर खपली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताजी आहे का?" तर ही सवयीने म्हणाली, "आत्ताच तोडलीय!" बाजार हसला. कोळीणही हसली, आणि मग लपवायचं विसरून हसतच राहिली.

ऊन कलल्यावर कोळणीने हात धुतले, बाजाराबाहेर जाऊन वारा खाऊन आली आणि फुलारणीपासून दोन हातांवर उभी राहिली. नाक वर करून एक श्वास घेतला. मग दुसरा. दुसरा श्वास ती कधीच घेत नसे.

"एवढ्या बोंबलांतून येतोय," ती हळू म्हणाली. "ओरडत नाही. पण येतोय."

आणि काखेतली टोपली तिने धपकन खाली ठेवली.

फुलारणीने मनगट नाकाशी नेलं. संध्याकाळ झाली होती आणि तिच्या हातचा मोगरा जिवंत होता. ती तिथेच बोंबलांच्या शेजारी बसून रडली. कोळीण म्हणाली, "रड, पण बोंबलांवर नको. आधीच खारट आहेत."

दरबाराच्या दिवशी सात अत्तरवाले ओळीने उभे होते. दरबाराचे दरवाजे बंद होते, कारण वारा आत आला तर कारभाऱ्यांची पागोटी हलत आणि ते त्यांना शोभत नसे. प्रत्येक अत्तरवाला येई, फाया राजाच्या नाकाशी धरी, बाकीचं अत्तर गालिचावर शिंपडी आणि बाजूला होई. राजाची भुवई वर गेली की दरबारी "वाहवा" म्हणत. नाही गेली तरी म्हणत, जरा हळू. पलीकडच्या पेठेतला अत्तरवाला सहावा होता. त्याने तर सुरईच उपडी केली. दरबाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं सगळ्यांनी ठरवलं.

सातवी फुलारीण. तिने लहान कुपीत बुडवलेला फाया पुढे केला. राजाने श्वास घेतला.

"यात काही नाही," राजा म्हणाला. "पाणी आहे का?"

"पाणीच, महाराज," मुख्य कारभारी म्हणाले. "मला तर लांबूनच वाटलं होतं."

फुलारणीने राजाकडे नीट पाहिलं. ओले डोळे, कपाळावर ताण, आणि कशाचाच वास येत नसताना आपल्याला सगळं कळतंय असा चेहरा. हे नाक तिच्या ओळखीचं होतं. तीन दिवस ते तिच्याच चेहऱ्यावर होतं.

"महाराज," ती म्हणाली, "अत्तर रिकामं नाही. आपलं नाक भरलंय."

राजाच्या एखाद्या अवयवाबद्दल असं बोलायची दरबारात पद्धत नव्हती.

"मग मी काय करू?" राजाने विचारलं.

"एक थेंब मनगटावर लावू द्या. आणि तबेल्यात जाऊन या."

"तबेल्यात!" कारभारी ओरडले. "अहो बाई, महाराज गेली अकरा वर्षं तबेल्यात गेलेले नाहीत!"

"मग तर गेलंच पाहिजे," राजा म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचं डोकं दुखत होतं आणि त्याला कुठूनतरी बाहेर पडायचंच होतं.

तबेल्यात लिदीचा आणि ओल्या गवताचा वास होता. राजाने दीर्घ श्वास घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी "वाहवा" म्हटलं नाही. मग त्याचं लक्ष घोड्यांकडे गेलं. घोड्यांच्या बरगड्या दिसत होत्या.

"हे असे का झालेत?" त्याने घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारलं.

मोतद्दार जमिनीकडे बघत म्हणाला, "महाराज, हरभरा येतो, पण आमच्यापर्यंत त्याचा नुसता वास येतो."

घोड्याच्या मानेवरची माशी उडवायला राजाने हात उचलला, आणि थांबला. लिदीतून, गवतातून, घोड्यांच्या घामातून एक मोगरा सावकाश चालत त्याच्याकडे आला. मागे कुठेतरी वाळा बसला होता. राजा हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला.

तो परत आला आणि दरबाराच्या दारातच थबकला. शेला नाकाला लावून म्हणाला, "अरे, कोण वारलं इथं?"

मुख्य कारभारी पुढे झाले. "महाराज, आपण तपासलेली अत्तरंच..."

"दारं उघडा. खिडक्या उघडा. आणि तुम्ही थांबा कारभारी, तुमच्याशी हरभऱ्याबद्दल बोलायचंय."

वारा आत शिरला. पागोटी हलली. मुख्य कारभाऱ्यांचं जरा जास्तच हललं. राजाने मनगट पुन्हा एकदा नाकाशी नेलं, सगळ्या दरबाराकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाला.

"हं."

चंदनाचा परवाना तात्यांच्या दुकानाला मिळाला आणि दुकान फुलारणीला. तिने पहिलं काम काय केलं, तर दरवाजाची आतली कडी काढून टाकली. कोळणीसाठी गूळ, पाणी आणि पाट तसेच चालू राहिले. तिने कोळणीला एक कुपीही देऊ केली, आणि कोळीण पुन्हा म्हणाली, "नको गो बाय, गिऱ्हाईक काय म्हणेल?" राजा रोज सकाळी तबेल्यात जाऊ लागला. घोडे जाड झाले आणि कारभारी थोडे बारीक.

तो केवडा पडलेला बुधला मात्र फुलारणीने फेकला नाही. कोणी अत्तर शिकायला आलं की पहिल्या दिवशी ती त्याच्यासमोर बुधल्याचं बूच काढी. दुसऱ्या दिवशी जो परत येई त्याला शिकवी.

तात्पर्य: आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे तो कमी झाला असं नव्हे. अशा वेळी आणखी थेंब टाकू नयेत. दार उघडावं, बाहेर जाऊन यावं, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं. अत्तरापुरतं तरी हे खरं आहे. बाकी कशाकशाला लागू पडतं, तेही त्याच माणसाला विचारावं.